खोबरेल, बांगडा आणि मेदाम्लांवरील अर्धवट बातम्या

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत गेल्या काही महिन्यांत खाद्यतेले आणि हृदयविकार या विषयावर जो मजकूर आला, तो मी लक्षपूर्वक वाचला आहे. एका लेखात खोबरेल तेल हृदयाचे रक्षण करते असे म्हटले होते. थोड्याच आठवड्यांनी आलेल्या दुसऱ्या लेखात तेच तेल रक्तवाहिन्या तुंबवते असे सांगितले होते. तिसरा पानभर मजकूर जाहिरात होता की लेख, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. त्यात चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक गोमंतकीयाने माशाच्या तेलाच्या गोळ्या घ्याव्यात असा सल्ला होता. तिन्ही ठिकाणी ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ हे शब्द होते. मी फोंड्यात बरीच वर्षे औषधांचे दुकान चालवतो आणि अशा मजकुराचा परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या काउंटरवर दिसतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मेदाम्लांवरील, म्हणजे तेल-तुपाच्या मूळ घटकांवरील, कोणतेही संशोधन वाचताना एक प्रश्न विचारावाच लागतो: कशाच्या बदल्यात? औषधाची चाचणी घेताना एका गटाला औषध आणि दुसऱ्याला हुबेहूब तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी देता येते. अन्नाचे तसे नाही. जेवणातून तूप काढले की त्याच्या उष्मांकांची जागा कशाने तरी भरली जातेच, आणि ती शेंगदाण्याच्या तेलाने भरली, मैद्याच्या पावाने भरली की माशाने भरली, यावर सगळा निष्कर्ष अवलंबून असतो. वर उल्लेखिलेल्या तिन्ही मजकुरांत ही एकच गोष्ट गाळली गेली होती, आणि ती गाळली की खऱ्या संशोधनातूनही चुकीचा सल्ला तयार होतो.

आधी थोडी उजळणी. आपण खातो ते प्रत्येक तेल वा तूप हे अनेक मेदाम्लांचे मिश्रण असते. मेदाम्लाच्या कार्बन अणूंच्या साखळीत दुहेरी बंध नसला तर ते संपृक्त, एक असला तर एकअसंपृक्त आणि एकाहून अधिक असले तर बहुअसंपृक्त मानतात. खोबरेल तेलातील ८० ते ९० टक्के मेदाम्ले संपृक्त असतात आणि त्यांपैकी सर्वांत मोठा वाटा लॉरिक आम्लाचा असतो. नेहमीच्या सूर्यफूल तेलात ओमेगा-६ वर्गातले लिनोलेइक आम्ल भरपूर असते, जवसात ओमेगा-३ वर्गातले अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते, आणि त्याच ओमेगा-३ वर्गातली इपीए व डीएचए ही लांब साखळीची मेदाम्ले बांगडा, तारले अशा चरबीयुक्त मासळीत असतात. जवसातल्या आम्लापासून आपले शरीर इपीए आणि डीएचए बनवू शकते, पण फारच थोडे. स्निग्ध पदार्थ म्हणजे केवळ उष्मांकांचे कोठार अशी एके काळी समजूत होती. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या अमेरिकी दांपत्याने १९२९ मध्ये तिला धक्का दिला: आहारातून स्निग्ध पदार्थ पूर्णपणे काढल्यावर उंदरांची वाढ खुंटली, त्वचा खवलेदार झाली, आणि काही मेदाम्ले अन्नातूनच मिळावी लागतात हे स्पष्ट झाले.

आता ‘कशाच्या बदल्यात’ या प्रश्नाचे महत्त्व सांगणारे उदाहरण. अमेरिकेतील आहारशास्त्राच्या एकाच नियतकालिकात २००९ आणि २०१० या लागोपाठच्या वर्षी दोन मोठी विश्लेषणे प्रसिद्ध झाली. पहिल्यात ११ अभ्यासांतील ३,४४,६९६ व्यक्तींची माहिती एकत्र केलेली होती, दुसऱ्यात २१ अभ्यासांतील ३,४७,७४७ व्यक्तींची. दुसऱ्या विश्लेषणाने सांगितले की संपृक्त मेद जास्त खाणारे आणि कमी खाणारे यांच्यात हृदयविकाराच्या प्रमाणाबाबत लक्षणीय फरक आढळत नाही. यावरून ‘लोणी निर्दोष सुटले’ अशा थाटाच्या बातम्या जगभर छापून आल्या. पहिल्या विश्लेषणात मात्र बदल्यात काय खाल्ले याचा वेगवेगळा हिशेब मांडलेला होता. एकूण उष्मांकांपैकी ५ टक्के संपृक्त मेदाऐवजी बहुअसंपृक्त मेदातून घेणाऱ्यांत हृदयविकाराच्या घटना सुमारे १३ टक्क्यांनी आणि त्यामुळे होणारे मृत्यू सुमारे २६ टक्क्यांनी कमी दिसले. तेच उष्मांक पिष्टमय पदार्थांतून घेतले तर फायदा दिसला नाही, उलट घटना किंचित वाढलेल्या आढळल्या. दोन्ही विश्लेषणे खरी असू शकतात. संपृक्त मेद कमी खाणारा माणूस त्याऐवजी पांढरा पाव आणि साखर खात असेल, तर त्याच्यात आणि लोणी खाणाऱ्यात फारसा फरक दिसणार नाही, यात आश्चर्य ते काय?

बहुअसंपृक्त तेलांची बाजूही सर्वत्र निर्विवाद आहे असे मी म्हणणार नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९६८ ते १९७३ या काळात ९,४२३ जणांवर झालेल्या प्रयोगात संपृक्त मेदाच्या जागी मक्याचे तेल आणि त्यापासून बनवलेले मार्गारिन, म्हणजे लोण्याऐवजी वापरायचा पदार्थ, दिले गेले. कोलेस्टेरॉल उतरले, पण मृत्यू कमी झाले नाहीत. या प्रयोगाची पूर्ण आकडेवारी तब्बल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात भाग घेतलेल्या अनेकांनी तो आहार थोडाच काळ घेतला होता आणि त्या काळच्या मार्गारिनमध्ये ट्रान्स मेद (वनस्पतितेल हायड्रोजनने घट्ट करताना तयार होणारा मेद) असण्याची शक्यता होती, हे आक्षेप रास्त आहेत. तरीही कोलेस्टेरॉलचा आकडा खाली येणे आणि माणूस वाचणे या दोन गोष्टी एकच धरता येत नाहीत, एवढे या प्रयोगावरून वाचकाला सांगायलाच हवे होते, आणि ते सांगायला इतकी वर्षे लागली याची मला खंत वाटते.

खोबरेलाविषयीच्या पहिल्या लेखाचा सगळा भार प्रशांत महासागरातील पुकापुका आणि टोकेलाऊ या बेटांवरील अभ्यासावर होता. हा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या संदेशांतही तो हमखास असतो. तेथील लोकांचे मुख्य अन्न नारळ होते. टोकेलाऊत ६३ टक्के आणि पुकापुकात ३४ टक्के उष्मांक नारळातून येत असत, आणि दोन्हीकडे हृदयविकार क्वचितच आढळत असे. इथपर्यंत लेख बरोबर होता. त्याच अभ्यासात पुढे नोंदवलेले आहे की टोकेलाऊच्या लोकांचे कोलेस्टेरॉल पुकापुकाच्या लोकांपेक्षा दर डेसिलिटरमागे ३५ ते ४० मिलिग्रॅमने जास्त होते, म्हणजे जिथे नारळ अधिक तिथे कोलेस्टेरॉलही अधिक. ही ओळ लेखात नव्हती. शिवाय त्या बेटांवरच्या जेवणात साखर फार कमी होती. बाटलीतले तेल, बेकरीचा पाव, दिवसाला चार कप गोड चहा आणि बैठे काम असलेल्या माणसाला त्या बेटांचा दाखला जसाच्या तसा लागू होत नाही.

दुसऱ्या लेखाने याच्या उलट टोक गाठले. २०२० मध्ये खोबरेलावरील १६ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. उष्ण कटिबंधाबाहेरच्या वनस्पतितेलांशी, म्हणजे सूर्यफूल, सोयाबीन, ऑलिव्ह अशा तेलांशी तुलना करता खोबरेलाने एलडीएल (‘वाईट’ समजले जाणारे) कोलेस्टेरॉल सरासरी सुमारे १० मिलिग्रॅमने आणि एचडीएल (‘चांगले’ समजले जाणारे) सुमारे ४ मिलिग्रॅमने वाढले. एलडीएलची ही वाढ खरी आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. मात्र २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये नव्वदेक निरोगी लोकांना चार आठवडे रोज ५० ग्रॅम खोबरेल, लोणी किंवा ऑलिव्ह तेल देऊन पाहिले, तेव्हा लोण्याने एलडीएल वाढवले आणि खोबरेल त्या बाबतीत ऑलिव्ह तेलाच्या जवळ राहिले. कोचीला हृदयरुग्णांवर दोन वर्षे झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्वयंपाकाला खोबरेल वापरणारे आणि सूर्यफूल तेल वापरणारे यांच्या रक्तातील मेदांत लक्षणीय फरक आढळला नाही; अर्थात त्यात रुग्ण सुमारे दोनशेच होते आणि ते सगळे नियमित औषधे घेत होते, त्यामुळे फरक झाकला गेला असण्याची शक्यता मी नाकारत नाही. माझे मत विचाराल तर खोबरेल हे लोण्यापेक्षा बरे आणि शेंगदाणा, तीळ वा मोहरीच्या तेलापेक्षा एलडीएलच्या दृष्टीने उणे आहे. ते विष नाही आणि औषध म्हणून सकाळी चमचाभर पिण्याजोगेही नाही. असे चमचे पिणारे लोक माझ्याकडे येतात, म्हणून हे स्पष्ट लिहीत आहे.

यात गोव्यापुरती आणखी एक गोष्ट आहे, जी बाहेरच्या बातम्यांची भाषांतरे करून कळणार नाही. आपल्याकडे नारळ मुख्यतः वाटपातून पोटात जातो. मिरची, धणे, हळद यांबरोबर पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटलेल्या खोबऱ्यात तेल तर असतेच, पण तंतुमय पदार्थही असतात. आणि ते वाटप ज्या हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत, पडते त्यात बांगडा, कोकम आणि तिरफळे असतात. चाचण्यांमध्ये वापरले जाते ते निव्वळ तेल. त्यामुळे चाचणीतले खोबरेल आणि आमच्या ताटातले हुमण एकाच मापाने मोजणे मला शास्त्रीय वाटत नाही. हे हुमण चांगले असल्याचा पुरावा माझ्यापाशी आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये; तो पुरावा गोळा करायला हवा, आणि त्याबद्दल पुढे लिहितो.

आता मासळीकडे वळतो. १९७० च्या दशकात हान्स ओलाफ बांग आणि यॉर्न डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलँडच्या इन्यूट लोकांच्या रक्ताचा अभ्यास केला आणि त्यांच्यातील हृदयविकाराच्या कमी प्रमाणाचा संबंध समुद्री आहारातील इपीएशी जोडला. त्यानंतर १९८९ मध्ये वेल्समधून एक महत्त्वाचा निष्कर्ष आला: हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २,०३३ पुरुषांपैकी ज्यांना आठवड्यातून दोनदा चरबीयुक्त मासळी खाण्याचा सल्ला दिला होता, त्यांच्यात दोन वर्षांत मृत्यू २९ टक्क्यांनी कमी झाले. त्याच संशोधकांनी पुढे छातीत कळा येणाऱ्या ३,११४ पुरुषांवर तसाच अभ्यास केला. २००३ मध्ये आलेल्या त्याच्या निष्कर्षात फायदा दिसला नाही; उलट माशाच्या तेलाच्या गोळ्या घेणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक आढळले. पहिला अभ्यास सगळे सांगतात, दुसरा कोणी सांगत नाही.

गोळ्यांबाबतचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत २५,८७१ निरोगी, वयस्क लोकांवर झाला आणि २०१८ च्या अखेरीस त्याचे निष्कर्ष जाहीर झाले. रोज एक ग्रॅम ओमेगा-३ घेऊनही हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू यांच्या एकत्रित प्रमाणात लक्षणीय घट झाली नाही. त्याच वर्षी १५,४८० मधुमेहींवरच्या ब्रिटिश चाचणीतूनही तेच निघाले. मात्र अमेरिकी प्रयोगाच्या तपशिलात एक बाब अशी आहे की ती गोव्यातल्या प्रत्येक वृत्तपत्राने छापायला हवी होती: ज्यांच्या जेवणात आठवड्याला दीड वेळेपेक्षाही कमी मासे होते, त्यांना गोळ्यांनी फायदा झाल्याचे दिसले, जे आधीच पुरेसे मासे खात होते, त्यांना तो दिसला नाही. असे उपगटांचे निष्कर्ष जपूनच घ्यायचे असतात हे मान्य करूनही प्रश्न उरतोच की आठवड्यातून चार दिवस बांगडा, तारले, मुडदुशी खाणाऱ्या माणसाला या गोळ्या कशासाठी विकायच्या?

यावर गोळ्यांचे समर्थक २०१८ मध्येच ८,१७९ रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीकडे बोट दाखवतात. तिच्यात शुद्ध केलेल्या इपीएची रोज ४ ग्रॅम मात्रा दिल्यावर हृदयविकाराच्या घटना २५ टक्क्यांनी कमी झाल्या. पण तुलनेच्या गटाला जे खनिज तेल दिले होते, त्याने त्या गटाचे एलडीएल सुमारे १० टक्क्यांनी वाढले. म्हणजे औषधाने भले केले की खनिज तेलाने दुसऱ्या गटाचे बिघडवले, ही शंका उरली. २०२० मध्ये १३,०७८ रुग्णांवरील तशाच चाचणीत तुलनेसाठी मक्याचे तेल वापरले, इपीएच्या जोडीला डीएचएही दिले, आणि फायदा दिसत नाही म्हणून चाचणी मध्येच थांबवावी लागली. दोन्ही चाचण्यांत मोठ्या मात्रेमुळे हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे प्रमाण वाढले. रक्तातील ट्रायग्लिसराइड नावाचा मेद फार वाढल्यामुळे ज्यांना डॉक्टरांनी अशी औषधे लिहून दिली आहेत, त्यांनी माझे पत्र वाचून ती बंद करू नयेत. माझा आक्षेप पुरवणी वाचून स्वतःच घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांना आहे.

या गोळ्यांची बाटली एकदा नीट पाहावी. पुढे ठळक अक्षरांत ‘१००० मिलिग्रॅम’ असे असते. बाटली फिरवून मागची बारीक अक्षरे वाचली तर बहुतेक साध्या गोळ्यांवर इपीए १८० मिलिग्रॅम आणि डीएचए १२० मिलिग्रॅम असे दिसते, म्हणजे कामाचे ३०० मिलिग्रॅम; बाकीचे माशाचे इतर मेद. हंगामातल्या दोन बांगड्यांतून त्याहून कमी मिळत नाही, आणि बांगड्याबरोबर उत्तम प्रथिनेही मिळतात. अलीकडेच एक निवृत्त गृहस्थ अशी बाटली घ्यायला आले. बोलता बोलता कळले की डॉक्टरांनी ‘तेलकट कमी करा’ असे सांगितल्यापासून घरात तारले आणणेच बंद झाले आहे, कारण पावसाळ्यानंतरचे तारले तव्यावर ठेवले की स्वतःचेच तेल सोडतात आणि ते तेल पाहून घरच्यांना भीती वाटते. तारल्यांच्या जागी रात्रीच्या जेवणात काय आले, असे विचारले, तर बटाट्याची कापां आणि पाव. ज्या तेलासाठी ते पैसे मोजून गोळी घेत होते तेच तेल त्यांनी ताटातून काढून टाकले होते. त्यांना मी बाटली दिली नाही. डॉक्टरांना पुन्हा नीट विचारून या असे सांगितले.

मासे कसे शिजवतो याचाही विचार हवा. अमेरिकेतील ६५ वर्षांवरील लोकांच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भाजलेली मासळी खाणाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू कमी दिसले, तळलेली मासळी खाणाऱ्यांत मात्र तसा फायदा दिसला नाही. तिथली तळलेली मासळी मुख्यतः कमी चरबीची पांढरी मासळी असते, त्यामुळे सगळा दोष तळणीचा मानता येणार नाही. तरीही रव्यात घोळवून भरपूर तेलात तळलेली इसवणाची तुकडी आणि हुमणातला बांगडा यांत निवड करायची असेल, तर ती अवघड असण्याचे कारण नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या, सुक्या मासळीवर भागवणाऱ्या घरांनी तिच्यातल्या मिठाचा, विशेषतः रक्तदाब असलेल्यांच्या बाबतीत, विचार करावा. तो वेगळा विषय आहे, म्हणून इथे एवढेच.

या सगळ्याला गोव्यात जी निकड आहे ती मधुमेहामुळे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, आढळले. दर चार प्रौढांमागे एकाहून अधिक. मधुमेह हा केवळ साखरेचा आजार समजला जातो. प्रत्यक्षात मेदाम्लांचा त्यात मोठा हात आहे. रक्तात मुक्त मेदाम्ले वाढली की स्नायू ग्लुकोज वापरण्यात मागे पडतात, ही दोन इंधनांमधली स्पर्धा फिलिप रँडल आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्येच मांडली होती. दुसऱ्या बाजूने, गरजेपेक्षा जास्त साखर आणि पिष्ट पोटात गेले की यकृत त्यापासून पामिटिक आम्ल, म्हणजे संपृक्त मेदाम्लच, तयार करते. तुपाचा थेंब न खाणाऱ्याच्या यकृतातही चरबी साठते ती यामुळे. आणि भारतीयांची शरीररचना याला आणखी पोषक आहे: पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली होती. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. वजनकाटा ठीक म्हणतो म्हणून निर्धास्त राहणाऱ्या सडपातळ गोमंतकीयाला हे दोन आकडे दाखवायला हवेत. अशा समाजाला ‘तेल बंद करा’ एवढेच सांगितले आणि तेलाची जागा पाव, बिस्किटे आणि शीतपेयांनी घेतली, तर आपण त्याला खड्ड्यातून काढून विहिरीत ढकलतो.

ज्या मेदाबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद उरलेला नाही तो ट्रान्स मेद. नेदरलँड्समधील मेन्सिंक आणि कटान यांनी १९९० मध्ये दाखवून दिले की तो एलडीएल वाढवतो आणि एचडीएल कमी करतो. डेन्मार्कने २००३ मध्ये त्यावर २ टक्क्यांची मर्यादा घातली. भारतात जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के मर्यादा लागू झाली. कायदा चांगला आहे. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलासाठीही नियम आहे: तेलातील ध्रुवीय संयुगे (तेल तापून बिघडताना तयार होणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल टाकून द्यायचे, हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. जत्रेतल्या भजीच्या गाड्यावर कढईतले तेल काळसर, दाट झालेले आणि कडेला फेस धरलेले दिसते, तेव्हा ते या मर्यादेत आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही; त्यासाठी हातात धरून मोजण्याचे साधे यंत्र मिळते. अन्न व औषध प्रशासनाने चवथीच्या आधी आणि जत्रांच्या हंगामात अशी मोजणी करावी आणि कोणत्या तालुक्यात किती नमुने मर्यादेबाहेर निघाले हे दर महिन्याला वृत्तपत्रांना द्यावे, अशी माझी मागणी आहे. आपण ते आकडे पहिल्या पानावर छापलेत, तर पुरवणीतल्या दहा लेखांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

आणि संशोधनाची मागणीही गोव्यातूनच पुढे यायला हवी. एकाच गावात, एकाच नारळाच्या वाटपावर जेवणारी, पण एक मासे खाणारी आणि दुसरी न खाणारी अशी घरे शेजारी-शेजारी असण्याची स्थिती किती ठिकाणी मिळेल? तांबड्या पेशींच्या आवरणातील इपीए आणि डीएचए मोजून कोणाच्या शरीरात ओमेगा-३ किती आहे हे सांगता येते. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, ज्याची परंपरा १८४२ पर्यंत मागे जाते, दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जुन्या गोव्याची कृषी संशोधन संस्था यांनी मिळून असा अभ्यास हाती घेतला, आणि त्यासोबत महिन्यागणिक बांगड्या-तारल्यांतील मेदाम्लांचे प्रमाण मोजले, तर ग्रीनलँड आणि टोकेलाऊचे दाखले उसने आणण्याची गरज कमी होईल. सरकारने त्यासाठी निधी द्यावा.

आपल्याकडे माझी विनंती अशी आहे की आहाराविषयीची बातमी छापताना तुलना कोणत्या पदार्थाशी होती, ती किती लोकांवर आणि किती काळ झाली, आणि मोजले ते केवळ कोलेस्टेरॉल की प्रत्यक्ष आजार व मृत्यू, ही माहिती मूळ निबंधात असतेच, ती वाचकांपर्यंत पोहोचवावी. आणि गोळ्यांचा मजकूर पैसे घेऊन छापला असेल, तर त्यावर ‘जाहिरात’ हा शब्द वाचता येईल एवढ्या अक्षरांत असावा. तातडीचे म्हणाल तर खोबरेलावरील पहिल्या लेखात राहून गेलेले टोकेलाऊ आणि पुकापुकाच्या कोलेस्टेरॉलचे आकडे येत्या रविवारी एका चौकटीत छापावेत. त्या निबंधाचा सारांश या पत्रासोबत जोडला आहे.

आपला विश्वासू,
एक औषधविक्रेता
फोंडा, गोवा